‘जवान’ एवढंच लिहून त्याची फीत काढू नका

प्रति,
मराठी वृत्तपत्रं आणि वृत्तवाहिन्यांचे संपादक, लष्करी मजकूर मराठीत आणणारे अनुवादक आणि शालेय पाठ्यपुस्तकांचे लेखक,

सादर नमस्कार.

मी पायदळातून हवालदार म्हणून निवृत्त झालो. त्याआधी शिपाई होतो, मग लान्स नायक, मग नायक. हे चार शब्द माझ्यासाठी वेगवेगळे आहेत. ते आपल्यालाही वेगवेगळे वाटावेत, एवढ्यासाठी हे पत्र लिहितो आहे. उघडपणे लिहितो आहे, कारण ही तक्रार एका दैनिकापुरती नाही.

गेल्या महिन्यात आमच्या ओळखीच्या घरातला एक मुलगा कर्तव्यावर असताना गेला. लान्स नायक होता. एका मराठी दैनिकाने ती बातमी पहिल्या पानावर, आदराने छापली. त्याबद्दल मनापासून आभार. पण मथळ्यात तो ‘जवान’ होता, बातमीत ‘शिपाई’ आणि छायाचित्राखाली ‘हवालदार’. त्याच छायाचित्रात बाहीवरची एक फीत स्पष्ट दिसत होती. मी भेटायला गेलो तेव्हा त्याच्या वडिलांनी कात्रण माझ्यापुढे धरलं आणि विचारलं, “हवालदारसाहेब, पोराला फीत लागली होती ना? मग ती काढली का?”

फौजेत फीत काढणं ही शिक्षा असते. त्या माणसाला हे माहीत होतं. मुलाच्या हातून शेवटी काही चूक झाली की काय, ही शंका त्यांच्या मनात आपल्या छापील अक्षरांनी घातली होती.

मी दैनिकाच्या कार्यालयात फोन केला. पलीकडचा तरुण नम्र होता. त्याने सांगितलं, “आमच्याकडे आता तसं ठरलं आहे. अधिकारी असेल तर हुद्दा लिहायचा, बाकी सगळ्यांना जवान. वाचकांना तेवढं कळतं. हुद्द्याने तसा काय फरक पडतो?” त्या मुलावर माझा राग नाही. पण त्याच्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर फोनवर देण्याइतकं छोटं नव्हतं.

फरक काय पडतो, ते माझ्याच उदाहरणाने सांगतो.

भारतीय पायदळात सेक्शन दहा जणांचा असतो. तीन सेक्शनची प्लाटून, तीन प्लाटूनची कंपनी. सेक्शनचा कमांडर हवालदार किंवा नायक. त्याच्यानंतरचा, ज्याला आम्ही टूआयसी म्हणतो, तो बहुतेक वेळा लान्स नायक. मला सेक्शन मिळाला तेव्हा मी सव्वीस वर्षांचा होतो आणि सेक्शनमधले दोघे माझ्याहून वयाने मोठे होते. सकाळच्या फॉल-इनमध्ये कोणाचा चेहरा उतरला आहे, कोणाला घरून काय निरोप आला, कोणाचा बूट टाच कापतो आहे, कोणाची रायफल नीट साफ झालेली नाही, हे मला माहीत असायलाच हवं होतं. रात्री गारदेवर, म्हणजे पहाऱ्यावर, कोणता संत्री कोणाच्या आधी उभा राहील हे मी ठरवायचो. ज्याला पहाटे झोप अनावर होते, त्याला पहाटेची पाळी द्यायची नाही, इतकी साधी गोष्ट. पण ती कंपनी कमांडरला कळणं शक्य नसतं. त्यांच्याकडे शंभराहून जास्त माणसं असतात. माझ्याकडे नऊ होती.

गश्तीवर, म्हणजे टेहळणीच्या फेरीवर, गेलं की हेच काम दुसरं रूप घेतं. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, कुठे लावायची, पुढे स्काऊट कोण, कोणत्या खुणेला थांबायचं, गोळीबार कधी सुरू करायचा आणि, त्याहून अवघड, कधी करायचा नाही. आदेश वरून येतो तो ‘त्या टेकडीपर्यंत जा’ एवढाच. टेकडीपर्यंतचं प्रत्येक पाऊल सेक्शन कमांडरचं. परतताना तो माणसं मोजतो. अंधारात, प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून. आम्ही त्याला गिनती म्हणतो. निवृत्त होऊन इतकी वर्षं झाली, तरी घरातली सगळी एकत्र बाहेर पडली की परतताना मी दारात उभा राहून मोजतो.

एकदा अशाच गश्तीत माझ्या मांडीत गोळी लागली. पुढची काही मिनिटं मला तुटक आठवतात. पण एक आवाज पक्का आठवतो, माझ्या टूआयसीचा. “सेक्शन माझ्या हुकमात,” एवढं तो ओरडला आणि एलएमजी डावीकडच्या बांधावर हलवली. त्याला कोणी सांगितलं नव्हतं. सांगायला वेळही नव्हता. त्या दिवशी गिनती त्याने केली आणि दहाच्या दहा भरली. त्याच्या बाहीवर एकच फीत होती. ती एक फीत होती म्हणून बाकीच्या आठ जणांनी क्षणाचाही विचार न करता त्याचं ऐकलं. फीत नसती तर दोघे-तिघे एकाच वेळी बोलले असते, आणि तेवढा वेळ आमच्याकडे नव्हता.

आता आपण त्याला ‘जवान’ म्हणा, हरकत नाही. तो होताच. लालबहादूर शास्त्रींनी १९६५ मध्ये ‘जय जवान, जय किसान’ म्हटलं तेव्हापासून हा शब्द आमचा मान आहे. घोषणेत, कवितेत, भाषणात तो जरूर राहू द्या. पण एखाद्या माणसाचं नाव छापताना त्याच्या नावाआधी तोच एक शब्द लावणं म्हणजे त्याने काय काम केलं ते पुसून टाकणं आहे.

माझी पहिली तक्रार हीच. आणि ती पक्षपाताची आहे. आपण ‘नायब तहसीलदार’ छापता, ‘सहायक पोलीस निरीक्षक’ छापता, ‘अतिरिक्त मुख्य सचिव’ छापता. मथळ्यात जागा नसेल तरी पहिल्या वाक्यात पूर्ण छापता. कोणत्याही संपादकाने नायब तहसीलदाराला ‘कर्मचारी’ लिहून सोडून दिल्याचं मी पाहिलेलं नाही. मग ‘लान्स नायक’ या दोन शब्दांनाच जागा का पुरत नाही? सेनेतही मेजर आणि कर्नल यांत आपली गल्लत होत नाही. जिथे सनद, म्हणजे अधिकाऱ्याचं कमिशन, आहे तिथे हुद्दा, जिथे सनद नाही तिथे घाऊक नाव, असा नियम आपल्याकडे कोणी बसून केला नसेलही. पण तो आता पाळला जातो आहे, आणि त्या दैनिकात तर तो ठरवूनच पाळला जातो आहे.

दुसरी तक्रार शब्दांच्या गोंधळाची. ‘नॉन-कमिशन्ड ऑफिसर’ (एनसीओ) पाहिलं की आपल्याकडे त्याचा ‘अधिकारी’ होतो आणि वाचक लेफ्टनंट-कॅप्टन समजतो. कमिशन म्हणजे राष्ट्रपतींची सनद. लान्स नायक, नायक आणि हवालदार यांच्याकडे ती नसते. ते शिपायांतून, पलटणीतच वर चढतात. त्यांच्या वर ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर, म्हणजे नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर. १९६५ पर्यंत नायब सुभेदाराला जमादार म्हणत. ही जेसीओंची फळी भारत आणि पाकिस्तान यांच्या सैन्यांत आहे, ब्रिटिश किंवा अमेरिकी सैन्यात नाही. एनसीओ आणि जेसीओ ही दोन आद्याक्षरं आपण एकमेकांच्या जागी वापरता तेव्हा सुभेदाराचा हवालदार होतो आणि हवालदाराचा सुभेदार. ‘हवालदार’ या शब्दाची तर आणखीच परवड. शहरात कोणत्याही पोलीस शिपायाला हवालदार म्हणायची सवय आहे, तीच सवय सीमेवरच्या बातमीतही येते.

हवाई दलात आणि नौदलात हेच काम करणाऱ्यांची तर आपल्याकडे नोंदच होत नाही. हवाई दलात नायकाच्या बरोबरीचा कॉर्पोरल असतो, नौदलात लीडिंग सीमन. लीडिंग सीमनच्या बाहीवर नांगर असतो. ब्रिटिश नौदलात त्या नांगरावरूनच त्याला ‘किलिक’ असं टोपणनाव पडलं आहे. आपल्या बातम्यांत हे दोघेही ‘नौसैनिक’ आणि ‘हवाई दलाचा जवान’ होऊन जातात.

तिसरी तक्रार अनुवादकांकडे आहे. इथे मी जरा लांबणार आहे, कारण वाचनाचा नाद मला फौजेनेच लावला आणि मराठीत आलेल्या युद्धकथा मी बऱ्याच वाचल्या आहेत. त्यांत कॉर्पोरल कुठे ‘शिपाई’ होतो, कुठे ‘जमादार’, कुठे ‘फौजदार’. अनुवाद करणाऱ्याला वाटत असावं की सगळ्या सैन्यांत हे हुद्दे सारखेच. ते सारखे नाहीत. कोणतं सैन्य आपल्या धाकट्या एनसीओवर किती विश्वास टाकतं, हे त्याच्या हुद्द्यांतच लिहिलेलं असतं. तेवढ्या एका शब्दाने कथेचा अर्थ बदलतो.

ब्रिटिश सैन्यात ‘ज्युनियर एनसीओ’ असा अधिकृत वर्गच आहे. त्यात लान्स कॉर्पोरल आणि कॉर्पोरल. आठ जणांचा सेक्शन कॉर्पोरल चालवतो. लान्स कॉर्पोरल त्याचा दुसरा असतो आणि चार जणांची एक टोळी त्याच्या हुकमात असते. आपल्या नायक-लान्स नायकाचीच ही व्यवस्था, कारण आपली रचना त्याच साच्यातून आली. पण तिथेही नावांचे सापळे आहेत. तोफखान्यात कॉर्पोरल नसतो, ‘बॉम्बार्डियर’ असतो. गार्ड्सच्या पलटणींत ‘लान्स सार्जंट’ दिसला तर तो कॉर्पोरलच्याच दर्जाचा. हाउसहोल्ड कॅव्हलरीत सार्जंट, म्हणजे कॉर्पोरलच्या वरचा हुद्दा, हा शब्दच वापरत नाहीत. तिथला ‘कॉर्पोरल ऑफ हॉर्स’ म्हणजे इतरांचा सार्जंट.

अमेरिकेत एकाच देशाच्या दोन सैन्यांत फरक आहे. तिथल्या भूदलात ‘स्पेशालिस्ट’ आणि ‘कॉर्पोरल’ यांची वेतनश्रेणी एकच. पण कॉर्पोरल एनसीओ आहे आणि स्पेशालिस्ट नाही. पगार तोच, हुकूम द्यायचा अधिकार वेगळा. मरीन कोअरमध्ये लान्स कॉर्पोरलला एनसीओ मानत नाहीत, कॉर्पोरलपासून मानतात. कॉर्पोरल झाला की त्याच्या समारंभी गणवेशाच्या पँटला लाल पट्टी लागते. ती पट्टी मिळायच्या आदल्या दिवशी तो सैनिक होता, दुसऱ्या दिवशी सैनिकांचा पुढारी. मराठीत दोघांनाही ‘शिपाई’ लिहिलं तर ती पट्टी कशासाठी, हे वाचकाला कधीच कळणार नाही.

फ्रेंचांची गोष्ट आणखी वेगळी. फ्रेंच सैन्यात ‘कापोराल’ हा सैनिकांतच मोजला जातो. एनसीओची सुरुवात सार्जंटपासून. आणि घोडदळात, तोफखान्यात त्याच कापोरालला ‘ब्रिगादिए’ म्हणतात. लिहिताना तो शब्द ‘ब्रिगेडियर’सारखाच दिसतो. इंग्रजीवरून मराठीत आणणाऱ्याने तो तसाच उचलला तर चार माणसांचा म्होरक्या हजारोंच्या ब्रिगेडचा प्रमुख होऊन बसतो. नेपोलियनला त्याचे सैनिक ‘छोटा कापोराल’ म्हणत. आपल्याकडे ते त्याच्या उंचीवरून दिलेलं नाव म्हणून सांगतात. मला त्यात माया दिसते. सैनिकांनी आपल्या सेनापतीला आपल्यातला, आपल्या शेकोटीशी बसणारा हुद्दा देऊन टाकला होता.

जर्मनीबद्दल एक दुरुस्ती तर तातडीने हवी. पहिल्या महायुद्धात हिटलर ‘कॉर्पोरल’ होता असं मराठी लिखाणात सर्रास येतं. तो ‘गेफ्रायटर’ होता. जर्मन सैन्यात गेफ्रायटर हा एनसीओ नसतो. हिटलर निरोप पोचवायचं काम करत होता, त्याच्या हुकमात एकही सैनिक नव्हता. त्याला कॉर्पोरल म्हटलं की दहा माणसांची जबाबदारी वाहिलेल्या जगभरच्या कॉर्पोरलांच्या रांगेत तो जाऊन बसतो. ती जागा त्याला कुणी दिली नव्हती.

आणि जिथे ही फळी कमकुवत राहिली तिथे काय झालं, तेही एकदा मराठीत नीट लिहिलं जावं. सोव्हिएत सैन्यात सक्तीच्या भरतीतून आलेल्या मुलांतल्याच काहींना थोड्या महिन्यांचं शिक्षण देऊन सार्जंट करत. सेवा दोन वर्षांची. ती संपली की तेही घरी. बॅरकमध्ये रात्री ज्याचा शब्द चालावा असा अनुभवी, मुरलेला माणूसच तिथे राहत नसे. ती रिकामी जागा दुसऱ्या वर्षाच्या दांडग्या सैनिकांनी भरली. नव्यांना मारहाण, त्यांच्याकडून वेठबिगारी. ‘देदोवश्चिना’ हे त्याचं नाव, आणि सोव्हिएत संघ गेल्यावर रशियन सैन्यातही ते राहिलं. त्याला आणखीही कारणं असतील. पण बॅरकमध्ये राहिलेला कोणताही नायक आपल्याला सांगेल की रात्री दहानंतर शिस्त अधिकारी राखत नाही. तो आपल्या क्वार्टरमध्ये गेलेला असतो. बॅरकमध्ये झोपतो तो एनसीओ.

इस्रायलमध्ये तर सेक्शनचा कमांडर स्वतःच सक्तीच्या सेवेतला विशीचा तरुण असतो. पण त्याला त्यासाठी वेगळं प्रशिक्षण देतात आणि पुढचे अधिकारीही याच सैनिकांतून निवडतात. म्हणजे तिथल्या अधिकाऱ्याने आधी खालची वाट चाललेली असते. शेजारच्या नेपाळी सैन्यात लान्स कॉर्पोरलला ‘प्यूठ’, कॉर्पोरलला ‘अमलदार’ आणि सार्जंटला ‘हुद्दा’ म्हणतात. देवनागरीतच लिहिलेले शब्द. तरीही ‘अमलदार’ वाचून आपल्याकडे कोणीतरी ‘अधिकारी’ लिहितो.

आपण म्हणाल, एवढ्या बारकाव्यांत सामान्य वाचकाला कशाला ओढायचं? त्यावर मी म्हणेन की हे सगळं मराठी वाचकाला परकं नाहीच. शिवकाळातल्या पायदळात नऊ-दहा पाइकांवर एक नाईक, पाच नाइकांवर एक हवालदार, त्याच्या वर जुमलेदार, मग हजारी. दहाची टोळी आणि तिचा एक म्होरक्या, हे गणित जगभर माणसांनी आपापल्या वाटेने शोधून काढलं. रोमन सैन्यात एका तंबूतल्या आठ जणांच्या म्होरक्याला ‘डेकानुस’ म्हणत, शब्दाचा अर्थ दहांचा. तुर्की सैन्यात आजही कॉर्पोरलला ‘ओनबाशी’ म्हणतात, त्याचाही अर्थ दहांचा प्रमुख. का दहा, याचं उत्तर मला अंधारातल्या त्या गिनतीत मिळालं. एका माणसाचा आवाज पोचतो, हात पोचतो, आणि प्रत्येकाच्या चालण्यावरून तो कोण हे ओळखता येतं, अशी माणसं साधारण तेवढीच असतात. नाईक आणि हवालदार हे आपल्याच भाषेत मुरलेले शब्द. ते इंग्रजांनी ठेवले, स्वतंत्र भारताने ठेवले, आणि मराठी वृत्तपत्राला मात्र ते जड वाटतात, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

चौथी तक्रार पाठ्यपुस्तकांबद्दल. शौर्याचे धडे असतात. त्यांत हुद्दा छापलेला असतो, पण तो हुद्दा काय काम करतो ते एका ओळीतही नसतं. त्यामुळे मुलांना वाटतं की एक शूर माणूस एकटा धावून गेला. तो एकटा का उरला होता, हे त्यांना कळत नाही.

नायक यशवंत घाडगे. पाचवी मराठा लाइट इन्फंट्री, तिसरी पलटण. १० जुलै १९४४, इटलीतलं टायबर नदीचं वरचं खोरं. वय २२. त्यांच्या सेक्शनवर अगदी जवळून मशीनगन सुरू झाली आणि सेक्शनमधले सगळे ठार किंवा जखमी झाले, फक्त कमांडर उभा राहिला. सोबतीला कोणी उरलेलं नाही हे ठाऊक असताना ते त्या मशीनगनवर चालून गेले. ग्रेनेडने गन आणि ती चालवणारा बंद पाडला, टॉमीगनने एकाला टिपलं, मॅगझिन बदलायला वेळ नव्हता म्हणून गन उलटी धरून उरलेल्या दोघांना लोळवलं. मग लपलेल्या नेमबाजांच्या गोळ्या लागून त्याच ठाण्यात ते गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. हा प्रसंग मी अनेकदा ऐकला आणि सांगितला आहे, आणि प्रत्येक वेळी माझं मन त्या धावण्याच्या आधीच्या क्षणावर थांबतं. ज्यांच्या बुटांची, झोपेची, पत्रांची काळजी त्यांनी वाहिली असेल, ती सगळी माणसं त्या क्षणी त्यांच्या डोळ्यांसमोर पडलेली होती. नायक म्हणजे काय हे ठाऊक नसेल तर तो क्षण वाचकाला दिसतच नाही.

नायक जदुनाथ सिंह, पहिली राजपूत, ६ फेब्रुवारी १९४८, नौशेरा भागातलं तैनधार. नऊ जणांची पुढची चौकी त्यांच्या हुकमात. एकामागून एक हल्ले आले आणि त्यांनी परतवले. शेवटी माणसं पडली तेव्हा स्टेनगन घेऊन ते एकटे बाहेर पडले. मरणोत्तर परमवीर चक्र. त्याच वर्षी १३ ऑक्टोबरला तिथवाल भागात लान्स नायक करम सिंह जखमी अवस्थेत आपली चौकी धरून राहिले. त्यांनाही परमवीर चक्र मिळालं, आणि ते स्वीकारायला ते हयात होते. ३ डिसेंबर १९७१ ला गंगासागरच्या लढाईत लान्स नायक अल्बर्ट एक्का. मरणोत्तर परमवीर चक्र. आपल्याला आजवर एकवीस परमवीर चक्रं मिळाली. त्यांतली तीन या दोन हुद्द्यांवरच्या माणसांची आहेत, ज्यांना आपला नवा नियम नुसतं ‘जवान’ म्हणणार आहे.

शौर्यच कशाला, संयमाचीही गोष्ट आहे. १९९९ मध्ये अमेरिकी मरीन कोअरचे प्रमुख जनरल चार्ल्स क्रुलॅक यांनी ‘स्ट्रॅटेजिक कॉर्पोरल’ ही कल्पना मांडली. एकाच शहरात, काही गल्ल्यांच्या अंतरावर, एकीकडे मदतवाटप, दुसरीकडे दोन गटांत सोडवणूक आणि तिसरीकडे लढाई चालू असेल, आणि समोर कॅमेरे असतील. अशा वेळी नाक्यावर उभ्या असलेल्या कॉर्पोरलने घेतलेला निर्णय साऱ्या मोहिमेचं पारडं फिरवू शकतो. आमच्याकडे हे शब्द कोणी वापरले नव्हते, पण नाक्यावर मी उभा राहिलो आहे. समोर जमाव आहे, दगड येतो आहे, माझ्या सेक्शनमधल्या एकोणीस वर्षांच्या पोराचं बोट ट्रिगरकडे सरकतं आहे, आणि मी त्याच्या मनगटावर हात ठेवून एवढंच म्हणतो, “थांब.” त्या दिवशी कोणी मेलं नाही, म्हणून बातमी झाली नाही. नायकाच्या कामाचा मोठा भाग असाच असतो.

आणखी एक गोष्ट, जी बाहेरच्याला सहसा दिसत नाही. फौजेत सगळ्यात अवघड बढती पहिली. सुभेदार साहेबांना सगळे साहेबच म्हणतात. त्यांची खोली वेगळी, मेस वेगळी. लान्स नायकाला बॅरक तीच, लंगर तोच, शेजारची खाट त्याच मित्राची. काल ज्याच्या ताटातलं खाल्लं त्याला आज रात्री दोनच्या गारदेला उभं करायचं. त्याने तोंड फिरवलं तरी सकाळी त्याच्या शेजारी दाढी करायची. माझ्या कॅडरमधल्या, म्हणजे बढतीआधीच्या प्रशिक्षणातल्या, उस्तादांनी आम्हाला सांगितलं होतं, “पहिली फीत बाहीला लागते, पण तिचा भार गळ्याला जाणवतो.” तेव्हा समजलं नाही. पहिल्याच महिन्यात समजलं.

आता मागण्या. त्या मोठ्या नाहीत आणि त्यांना खर्चही नाही.

बातमीत सैनिकाचं नाव पहिल्यांदा येईल तिथे त्याचा खरा हुद्दा छापा, मग ती मृत्यूची बातमी असो, सन्मानाची किंवा साध्या सत्काराची. मथळ्यात ‘जवान’ राहिलं तरी चालेल, आतल्या पहिल्या वाक्यात हुद्दा यावा. हुद्दा माहीत नसेल तर ‘सैनिक’ लिहा. अंदाजाने शिपाई किंवा हवालदार लिहू नका. घरच्यांना विचारलं तर ते सांगतील. ‘अधिकाऱ्याला हुद्दा, बाकी सगळे जवान’ असा नियम ज्यांनी केला असेल त्यांनी तो मागे घ्यावा.

चूक झाली तर दुरुस्ती छापा, आणि ती बातमीच्याच पानावर.

अनुवादकांनी परदेशी हुद्द्यांना जबरदस्तीने मराठी पोशाख घालू नये. कॉर्पोरल कॉर्पोरलच राहू द्या, गेफ्रायटर गेफ्रायटरच. त्या सैन्यात तो किती माणसांचा पुढारी आहे, एवढं एका वाक्यात कथेतच येऊ द्या.

पाठ्यपुस्तकात जिथे लान्स नायक किंवा नायक आहे तिथे तो दहा जणांच्या तुकडीत काय करतो, हे दोन ओळींत लिहा. घाडग्यांचा प्रसंग शिकवताना सेक्शन म्हणजे काय हे आधी सांगा. मुलांना समजतं. खेळाच्या मैदानावर दहा जणांत एकाला म्होरक्या करून त्यांना आधीच ठाऊक असतं.

आपल्या कामाला उपयोग व्हावा म्हणून आपल्या तिन्ही दलांतले हुद्दे, त्यांच्या फिती, खुणा आणि कामं यांचा एक तक्ता मी हाताने लिहून काढला आहे. एका पानात मावतो. माझ्या त्या जुन्या टूआयसीने तो तपासून दिला आहे. जे कार्यालय मागेल त्याला मी तो नेऊन देईन, टेबलाच्या काचेखाली ठेवता येईल असा.

आणि त्या एका दैनिकाला वेगळी विनंती. त्या मुलाच्या बातमीची दुरुस्ती अजून आलेली नाही. तीन ओळी पुरतील: नाव, ‘लान्स नायक’, आणि आधीचा उल्लेख चुकीचा होता एवढं. त्याच्या वडिलांनी कात्रण अजून चौकटीत बसवलेलं नाही. त्यांनी मला सांगितलं आहे की नवं आलं की तेच लावणार. ज्या दिवशी छापाल त्या दिवशी सकाळी अंक घेऊन मी त्यांच्या घरी जाईन.

आपला विश्वासू,
पायदळातून निवृत्त झालेला एक हवालदार